रोमन कुळनामांची विशेषणे : शब्दसूचीच्या कामातील नोंदी

11 मे 2024

रोमन इतिहासाच्या मराठी वाचकांसाठी जी विशेषनामांची सूची आम्ही तयार करीत आहोत, तिच्यातील रस्ते, पूल, जलवाहिन्या आणि कायदे यांचा विभाग आजपासून माझ्याकडे आला आहे. पहिल्याच बैठकीत मी स्वतः दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक नोंद समोर आली आणि ती चुकीची असल्याचे ध्यानात आले. रोमहून दक्षिणेकडे जाणाऱ्या ‘व्हिया अप्पिया’ या प्रसिद्ध रस्त्यापुढे मी ‘अप्पियाचा रस्ता’ असे लिहिले होते. ते वाचणाऱ्याला अप्पिया नावाची कोणी स्त्री होऊन गेली आणि तिने किंवा तिच्या स्मरणार्थ कोणी हा रस्ता बांधला, असेच वाटेल. प्रत्यक्षात तो रस्ता अप्पियस क्लॉडियस सीकस याने सेन्सॉर, म्हणजे नागरिकांची नोंद आणि सार्वजनिक बांधकामे पाहणारा अधिकारी, या पदावर असताना, इसवी सनापूर्वी 312 मध्ये, कॅपुआपर्यंत बांधला. अप्पिया नावाच्या स्त्रीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हीच चूक सूचीत आणखी किती ठिकाणी झाली आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

13 मे 2024

चुकीचे मूळ सापडले आहे आणि ते मराठीच्याच व्याकरणाने नीट समजावून देता येते, याचे समाधान वाटते.

रोमन पुरुषाच्या नावात साधारणपणे तीन भाग असत: व्यक्तिनाम, कुळनाम आणि शाखानाम. गेयस ज्युलियस सीझर यात गेयस हे व्यक्तिनाम, ज्युलियस हे कुळनाम आणि सीझर हे शाखानाम. यांपैकी मधले कुळनाम हे लॅटिनमध्ये नाम म्हणून वापरले जात असले, तरी त्याची घडण विशेषणाची आहे आणि ते विशेषणाप्रमाणे तिन्ही लिंगांत चालते. रस्ता या अर्थाचा ‘व्हिया’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘व्हिया फ्लॅमिनिया’. शर्यतीचे मैदान या अर्थाचा ‘सर्कस’ हा शब्द पुल्लिंगी, म्हणून त्याच फ्लॅमिनियसचे मैदान ‘सर्कस फ्लॅमिनियस’. चौक या अर्थाचा ‘फोरम’ हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून सीझरने बांधलेला चौक ‘फोरम ज्युलियम’. कायदा या अर्थाचा ‘लेक्स’, पाणी या अर्थाचा ‘ॲक्वा’ आणि सभागृह या अर्थाचा ‘बॅसिलिका’ हे सारे स्त्रीलिंगी आहेत, म्हणून रोमच्या इतिहासात ज्युलिया, एमिलिया, पोर्सिया, क्लॉडिया यांची एवढी गर्दी दिसते.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपण पेशव्यांचा वाडा, पेशव्यांची बाग, पेशव्यांचे देऊळ असे म्हणतो, तेव्हा आपला ‘चा-ची-चे’ हा प्रत्ययही मालकाच्या लिंगाकडे न पाहता मालकीच्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. लॅटिन कुळनामाच्या शेवटी येणारे ‘-अस, -आ, -अम’ नेमके हेच काम करते. म्हणजे ‘अप्पिया’ या शब्दात ‘अप्पियसची’ हा अर्थ आधीच भरलेला आहे, आणि ‘अप्पियाचा’ असे लिहिताना मी ‘अप्पियसची’ या शब्दाला आणखी एक ‘चा’ जोडत होतो. असा दुहेरी प्रत्यय कोणताही मराठी माणूस स्वतःच्या भाषेत चालवून घेणार नाही.

16 मे 2024

अप्पियसचे नाव या विभागात एका अर्थाने अपवाद आहे, कारण अप्पियस हे त्याचे कुळनाम नसून व्यक्तिनाम आहे; त्याचे कुळ क्लॉडियस. पण ते व्यक्तिनाम ‘-इयस’ने संपत असल्यामुळे कुळनामाप्रमाणेच विशेषण म्हणून चालू शकले. क्लॉडियस कुळाबाहेर ते व्यक्तिनाम जवळजवळ कोणी वापरत नसे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होण्याचा संभवही नव्हता.

रस्त्याच्याच वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी 312 मध्ये, त्याने रोममध्ये पहिली जलवाहिनी आणली, ती ‘ॲक्वा अप्पिया’. तिच्या नावाविषयी फ्राँटिनसने जे लिहून ठेवले आहे ते सूचीच्या टीपेत घेण्याचे मी ठरवले आहे. फ्राँटिनस हा इसवी सन 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख अधिकारी झाला आणि त्याने शहराच्या जलवाहिन्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या पाण्याचे झरे अप्पियसचा सहकारी सेन्सॉर गेयस प्लॉशियस याने शोधून काढले होते. पण आपला सहकारीही पद सोडणार आहे अशा समजुतीने, म्हणजे फसवणुकीमुळे, प्लॉशियसने अठरा महिन्यांच्या आत राजीनामा दिला. अप्पियसने पद सोडले नाही, काम पुरे केले, आणि नावाचा मान एकट्याकडे राहिला. झरे शोधणाऱ्याच्या वाट्याला कुळनामाचे विशेषण आले नाही, पण पाण्याच्या शिरा शोधणारा या अर्थाचे ‘व्हेनॉक्स’ हे उपपद त्याच्या नावाला चिकटले. एखाद्या वास्तूला कोणाचे विशेषण लागते हा रोममध्ये केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हता, हे यावरून स्पष्ट दिसते.

17 मे 2024

मराठीत या नावांचे काय करावे, यावर आज सहकाऱ्यांशी दीर्घ चर्चा झाली. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ‘अप्पियन मार्ग’, ‘ज्युलियन कायदे’ ही रूपे इंग्रजीतून वाचकांच्या परिचयाची झाली आहेत, तेव्हा तीच ठेवावीत. मला हे पटत नाही. लॅटिनमध्ये ‘अप्पियानस’ हा वेगळा शब्द आहे, आणि दुसऱ्या शतकात रोमचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिणारा अलेक्झांड्रियाचा इतिहासकार अप्पियन याच नावाचा होता. ‘ज्युलियन कायदा’ म्हटले तर सम्राट ज्युलियन डोळ्यांपुढे येतो, किंवा जाणकाराला सम्राट हेड्रियनच्या काळातील कायदेपंडित सॅल्व्हियस ज्युलियानस आठवतो. ऑगस्टसच्या विवाहविषयक कायद्यांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दोन वेगळ्या प्रत्ययांनी लॅटिनने जो भेद राखला आहे, तो आपण एकाच ‘-यन’मध्ये बुडवू नये.

मराठीची स्वतःची रीत पाहिली तर उत्तर तिथेच आहे. पुण्यात आपण होळकर पूल म्हणतो, रास्ते वाडा म्हणतो, घोरपडे पेठ म्हणतो. आडनावाला कोणताही प्रत्यय न लावता ते वास्तूच्या नावापुढे ठेवतो आणि वाचकाला संबंध आपोआप कळतो. त्याच चालीवर ‘अप्पियस मार्ग’, ‘फ्लॅमिनियस मार्ग’, ‘एमिलियस पूल’, ‘मार्सियस जलवाहिनी’ असे पुल्लिंगी मूळ रूप मराठी नामापुढे ठेवायचे, आणि नोंदीत मूळ लॅटिन नाव देवनागरीत द्यायचे, असे ठरले. ‘फ्लॅमिनिया मार्ग’ असे मिश्र रूप कुठेही राहू नये, यासाठी जुन्या सर्व नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील.

23 मे 2024

आजचा संपूर्ण दिवस एकाच जोडीवर गेला आणि तो जायलाच हवा होता. रोमच्या मार्स मैदानाच्या दक्षिण भागात एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन वास्तू होत्या: ‘पोर्टिकस ऑक्टेव्हिया’ आणि ‘पोर्टिकस ऑक्टेव्हिई’. आमच्या जुन्या सूचीत दोहोंपुढे ‘ऑक्टेव्हियाचा स्तंभमंडप’ असे एकच भाषांतर होते, आणि दोन वास्तूंची माहिती एकीत मिसळली होती.

‘पोर्टिकस’ हा शब्द ‘-अस’ने संपत असला तरी लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि सारा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिल्या नावातील ‘ऑक्टेव्हिया’ हे त्या स्त्रीलिंगी शब्दाशी जुळणारे विशेषण आहे. ही वास्तू नीयस ऑक्टेव्हियस या सेनानीने, मॅसेडोनियाचा राजा पर्सियस याच्याविरुद्ध इसवी सनापूर्वी 168 मध्ये मिळवलेल्या आरमारी विजयानंतर बांधली. दुसऱ्या नावातील ‘ऑक्टेव्हिई’ ही मात्र षष्ठी विभक्ती आहे, म्हणजे खरोखरच ‘ऑक्टेव्हियाची’; ही ऑक्टेव्हिया म्हणजे सम्राट ऑगस्टसची बहीण. तिच्या नावाची वास्तू मेटेलसच्या जुन्या वास्तूच्या जागी उभी राहिली, आणि तिचे प्रवेशद्वार आजही रोममध्ये मासळीबाजाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेंट अँजेलोच्या चर्चला लागून पाहता येते. शब्दांचे अर्थ नोंदवणारा फेस्टस सांगतो की ऑक्टेव्हियाच्या नावाच्या पोर्टिकस दोन आहेत, एक मार्सेलसच्या नाट्यगृहाजवळची आणि दुसरी पॉम्पेच्या नाट्यगृहाजवळची. म्हणजे लॅटिन हीच मातृभाषा असणाऱ्यांनाही हा भेद सांगावा लागत होता.

ऑगस्टसने आपल्या कार्याचा जो शिलालेख मागे ठेवला, त्याच्या 19 व्या परिच्छेदात या पहिल्या वास्तूचा उल्लेख आहे. फ्लॅमिनियसच्या मैदानाजवळची ही पोर्टिकस मी पुन्हा बांधली, पण त्याच जागेवर पूर्वीची वास्तू ज्याने उभारली होती त्याच्या नावावरून तिला ऑक्टेव्हिया म्हटले जाऊ दिले, असे तो सांगतो. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दत्तक जाण्यापूर्वी ऑगस्टसचे स्वतःचे कुळनाम ऑक्टेव्हियस हेच होते. जुन्या माणसाचा मान राखला असे तो म्हणतो, आणि तो राखलाही. पण विशेषणात व्यक्ती दिसत नाही, फक्त कुळ दिसते, त्यामुळे ते नाव उच्चारणाऱ्याला दोन्ही ऑक्टेव्हियस एकाच वेळी आठवू शकत होते. षष्ठी एका व्यक्तीवर बोट ठेवते, विशेषण संपूर्ण कुळाकडे हात करते. हा फरक मराठीत उतरवायचा असेल तर पहिलीला ‘ऑक्टेव्हियस ओवऱ्या’ आणि दुसरीला ‘ऑक्टेव्हियाच्या ओवऱ्या’ असेच म्हटले पाहिजे.

‘स्तंभमंडप’ऐवजी ‘ओवऱ्या’ हा शब्दही आजच पक्का केला. ऑक्टेव्हियाच्या वास्तूत ज्युपिटर आणि जूनो यांची मंदिरे मध्ये होती आणि त्यांच्या आवाराभोवती खांबांच्या रांगा होत्या. आपल्याकडे देवळाच्या आवाराभोवती नेमक्या अशाच जागेला ओवऱ्या म्हणतात, आणि घडवलेल्या शब्दापेक्षा तो शब्द चित्र अधिक चांगले उभे करतो.

24 मे 2024

कालच्या कामाला पूरक एवढेच. मार्सेलस हे शाखानाम आहे, ‘-इयस’चे कुळनाम नाही, म्हणून त्याच्या नावाचे नाट्यगृह षष्ठीने ‘थिएट्रम मार्सेली’ असे ओळखले जाते. ट्रेजन सम्राटाच्या बाबतीत हा भेद एकाच बांधकामात दिसतो: त्याचे पूर्ण नाव मार्कस उल्पियस ट्रेयानस, म्हणून चौक षष्ठीने ‘फोरम ट्रेयानी’ आणि त्याच चौकातील सभागृह कुळनामाच्या विशेषणाने ‘बॅसिलिका उल्पिया’. ज्याला आज सगळे जग कोलोसियम म्हणते, ते व्हेस्पेशियन आणि टायटस या सम्राटांच्या कुळनामावरून ‘ॲम्फीथिएट्रम फ्लेव्हियम’. सूचीत ‘फ्लेव्हियस रंगभूमी’ असे न लिहिता ‘फ्लेव्हियस रिंगण’ असे लिहिले आहे, कारण तेथे नाटके होत नसत.

1 जून 2024

कुळनाम मुळात विशेषण का, याचे उत्तर प्रस्तावनेत थोडक्यात द्यावे लागेल. ही कुळनामे प्राचीन काळी बापाच्या नावावरून बनलेली विशेषणे होती: मार्कसचा तो मार्सियस, क्विंटसचा तो क्विंक्टियस, सेक्स्टसचा तो सेक्स्टियस. पुढे ते पिढीगणिक बदलायचे थांबले आणि घराण्याला कायमचे चिकटले. संस्कृतच्या तद्धित प्रत्ययांचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला गर्गाच्या कुळातला तो गार्ग्य आणि दशरथाचा तो दाशरथी हे सांगितले की निराळे स्पष्टीकरण लागत नाही.

या घडणीचा एक जुना पुरावा 1977 मध्ये रोमच्या दक्षिणेस सॅट्रिकम येथे, मॅटर मॅट्युटा या देवतेच्या मंदिराच्या पायात पुन्हा वापरलेल्या दगडावर सापडला. इसवी सनापूर्वी सुमारे 500 च्या या लेखात ‘पोप्लिओसिओ व्हॅलेसिओसिओ’ असे शब्द आहेत, म्हणजे ‘पब्लियस व्हॅलेरियसचे’, आणि त्याचे साथीदार मार्स देवाला काही अर्पण करीत आहेत. येथे ‘व्हॅलेरियस’ऐवजी ‘व्हॅलेसियस’ दिसतो, कारण दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होण्यापूर्वीचा हा काळ आहे. प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने आपल्या एका पापिरियस आडनावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात हाच बदल सांगितला आहे: तुमच्या घराण्याचे लोक पूर्वी पापिसियस म्हणवले जात, आणि ल्युशियस पापिरियस क्रॅसस हा पहिला, ज्याला तसे म्हणणे बंद झाले. मित्राला आपल्याच कुळाचा इतिहास ठाऊक नाही म्हणून सिसेरो तो इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने सांगतो, की ते पत्र वाचताना माझे काम काही वेळ बाजूला राहिले.

5 जून 2024

स्त्रियांच्या नावांची टीप. रोमन मुलीला गणराज्याच्या काळात सहसा स्वतंत्र व्यक्तिनाम नसे. बापाच्या कुळनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच तिचे नाव. ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया, म्हणजे ‘कॉर्नेलियस कुळातली’, यापलीकडे त्या नावात काही नाही. दोन बहिणी असल्या तर दोघींचे नाव तेच, आणि थोरली-धाकटी एवढाच भेद. रस्ता, कायदा, जलवाहिनी आणि मुलगी या सर्वांना लॅटिन भाषा एकाच साच्याने कुळाशी जोडते. अनुवादकाची दिशाभूल होते ती यामुळेच.

याचे सर्वांत फसवे उदाहरण इसवी सन 9 मधील ‘लेक्स पापिया पोप्पेया’ हे आहे. नाव ऐकून नीरोच्या पोप्पेया नावाच्या पत्नीची आठवण होते आणि एखाद्या पापिया पोप्पेयाचे चित्र मनात तयार होते. हा खरे पाहता मार्कस पापियस आणि क्विंटस पोप्पेयस या दोन कॉन्सलांचा, म्हणजे रोमच्या सर्वोच्च वार्षिक अधिकाऱ्यांचा, कायदा. दोन विशेषणे मध्ये ‘आणि’ न घालता शेजारी ठेवली आहेत. लग्न आणि संतती यांना उत्तेजन देण्यासाठी केलेल्या या कायद्याचे दोन्ही प्रवर्तक स्वतः अविवाहित होते, अशी नोंद इतिहासकार कॅसियस डिओने केली आहे. सूचीत मधली आडवी रेघ ठेवून ‘पापियस–पोप्पेयस कायदा’ असे लिहायचे.

10 जून 2024

‘-आनस’ या दुसऱ्या प्रत्ययाचे काम आजपासून. साधे कुळनाम कुळाकडे निर्देश करते, तर ‘-आनस’ लावलेले विशेषण बहुधा एका विशिष्ट माणसाशी, त्याच्या पक्षाशी, सैन्याशी किंवा मालमत्तेशी संबंध दाखवते. मारियस या सेनानीने मांडलेला कायदा ‘लेक्स मारिया’; पण आपले सामान स्वतःच्या पाठीवर वाहणारे त्याचे सैनिक ‘म्युली मारियानी’, मारियसची खेचरे. इतिहासकार टॅसिटस सांगतो की लिव्हीने आपल्या इतिहासात सीझरचा विरोधक पॉम्पे याची एवढी स्तुती केली, की ऑगस्टस त्याला ‘पॉम्पेयानस’ म्हणत असे, आणि त्यामुळे त्यांच्या मैत्रीत बाधा आली नाही. येथे ‘पॉम्पेचा’ हा शब्द अपुरा आहे; ‘पॉम्पेपक्षीय’ हाच नेमका. मात्र पाँपेई गावावरून होणारे विशेषणही हेच असल्यामुळे, सिसेरोच्या पत्रांतील ‘पॉम्पेयानम’ हे त्याचे पाँपेईजवळचे घर आहे, हे प्रत्येक वेळी संदर्भाने ठरवावे लागते. हेड्रियनचे नाव तर कुळावरून नव्हे, हेड्रिया या गावावरूनच आले आहे.

दत्तकाच्या नावांतही हाच प्रत्यय येतो. एमिलियस पॉलसचा मुलगा कॉर्नेलियस स्किपिओच्या घरी दत्तक गेला आणि स्किपिओ एमिलियानस झाला. ऑक्टेव्हियस सीझरचा दत्तक वारस ठरला तेव्हा लोक त्याला सीझर म्हणू लागले. त्याचा सावत्र बाप फिलिपस तसे म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही, असे सिसेरो इसवी सनापूर्वी 44 मध्ये आपला मित्र ॲटिकस याला लिहितो. पुढे तो त्याला ऑक्टेव्हियानस म्हणू लागला. जन्माच्या कुळाची आठवण ठेवणारे ते नाव त्या तरुणाने स्वतः वापरले नाही.

15 जून 2024

कायद्यांच्या विभागात एक सुरेख नियमितता दिसते. लोकसभेने संमत केलेला कायदा साध्या कुळनामाने ओळखला जातो: इसवी सनापूर्वी 287 चा ‘लेक्स हॉर्टेन्सिया’, 67 चा ‘लेक्स गॅबिनिया’. सीनेटच्या ठरावांना मात्र कायदेपंडितांच्या वापरातून ‘-आनम’ची नावे मिळाली: सिलानियानम, व्हेलेयानम, क्लॉडियानम. त्यांतला ‘मॅसेडोनियानम’ हा व्हेस्पेशियनच्या काळचा ठराव मांडणाऱ्याच्या नावाने ओळखला जात नाही, तर मॅसेडो नावाच्या ज्या दुष्कीर्त इसमामुळे तो करावा लागला त्याच्या नावाने. बापाच्या ताब्यातील मुलाला पैसे कर्जाऊ देणाऱ्याला ते वसूल करता येऊ नयेत, असा तो ठराव होता. या ठरावाला सूचीत ‘मॅसेडोविषयक ठराव’ असे अर्थानुसारी नाव द्यावे लागेल, ‘मॅसेडो ठराव’ नव्हे.

20 जून 2024

प्लिनीने फळांच्या जाती सांगताना मॅशियस नावाच्या गृहस्थावरून नाव पडलेल्या ‘मॅशियाना’ सफरचंदांचा उल्लेख केला आहे. स्पॅनिशमधील ‘मान्साना’ आणि गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्यांच्या ओळखीचा ‘मसां’ हे सफरचंदाचे शब्द त्यातूनच आले. मूळ नाम गळून पडले आणि विशेषणच फळ झाले. ही नोंद सूचीच्या मर्यादेत बसत नाही, तरी ती परिशिष्टात राहावी असा माझा आग्रह आहे.

28 जून 2024

गावांची नावे आज उरकली. इटलीतील ‘फ्रिउली’ आणि फ्रान्समधील ‘फ्रेजूस’ ही दोन्ही ‘फोरम ज्युलिई’ची रूपे, म्हणजे षष्ठीची. ‘एमिलिया-रोमान्या’ या प्रांताचे पहिले नाव मात्र विशेषणाचे: मार्कस एमिलियस लेपिडसने इसवी सनापूर्वी 187 मध्ये बांधलेल्या रस्त्याचे. हेड्रियनने जेरुसलेमच्या जागी वसवलेल्या वसाहतीला त्याच्या एलियस या कुळनामावरून ‘एलिया कॅपिटोलिना’ म्हटले गेले, आणि त्यातला ‘इलिया’ हा शब्द सुरुवातीच्या अरबी लेखनातही त्या शहरासाठी टिकून होता.

7 जुलै 2024

विभागातील शेवटची नोंद ‘जुलै’ ही आहे, आणि ती मी मुद्दाम आजच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. लॅटिनमध्ये महिन्यांची नावे ही विशेषणेच आहेत. महिना या अर्थाचा ‘मेन्सिस’ पुल्लिंगी, म्हणून ‘ज्युलियस’. पण त्या महिन्यातील ‘नोने’ म्हणजे सातवा दिवस स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘नोने ज्युलिई’. पूर्वी या महिन्याचे नाव क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, असे होते. सीझरच्या सन्मानार्थ ते इसवी सनापूर्वी 44 मध्ये बदलले.

त्याच वर्षी मार्च महिन्यात सीझरची हत्या झाली. हत्या करणाऱ्यांपैकी ब्रूटस हा त्या वर्षी शहराचा प्रीटर, म्हणजे न्यायदान पाहणारा अधिकारी, होता आणि अपोलोच्या उत्सवाचे खेळ त्याच्या नावाने व्हायचे होते. भीतीने तो रोमबाहेर राहिला. पण खेळांची जाहीर सूचना लागली ती ‘नोने ज्युलिई’ अशा तारखेने. हे कळल्यावर तो किती व्यथित झाला, हे सिसेरोने ॲटिकसला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. उत्सवानंतरच्या दिवशी होणाऱ्या शिकारीच्या खेळाची सूचना तरी जुन्या क्विंटिलिस नावाने लावावी, असे तो कळवणार होता. ज्याला मारले त्याच्या कुळाचे विशेषण आपल्याच जाहिरातीवर वाचावे लागणे म्हणजे काय, हे त्याला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले होते.

नोंद अशी केली आहे: जुलै; लॅटिन ‘मेन्सिस ज्युलियस’; ज्युलियस कुळाचा महिना; पूर्वीचे नाव क्विंटिलिस; पाहा: ऑगस्ट, फोरम ज्युलियम, ब्रूटस.